रुपेरी पिल्लं आणि शुभांगीचा चहा

गेल्या वर्षी आमच्या घरात चार रुपेरी पिल्लं जन्मली आणि माझ्या बायकोचा चहा पक्का बंद झाला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त ऐकून घेणारं आता कुणी उरलेलं नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मी बी.एस्सी. झाल्याची बातमी मलकापूरजवळच्या आमच्या खेड्यात पोचली, तेव्हा वडिलांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले आणि म्हशींना त्या दिवशी जास्तीची पेंड घातली. माझ्या शिक्षणासाठी या माणसांनी काय काय सोसलंय ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण तेव्हापासून घरातल्या प्रत्येक अडचणीचं उत्तर माझ्याकडेच असतं, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. विहिरीवरची मोटर जळाली, विचारा अमोलला! म्हैस दूध देईना, विचारा अमोलला! (माझा विषय प्राणिशास्त्र असल्यामुळे म्हशीच्या बाबतीत तर सुटकाच नाही. आमच्या अभ्यासात बेडूक होता, गांडूळ होतं, झुरळ होतं. म्हैस नव्हती. हे मी आजवर कुणालाही पटवू शकलेलो नाही.)

आता मी कोल्हापुरात एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आनुवंशिकतेचा धडा आला की वाटाण्याच्या झाडांची आकृती फळ्यावर काढायची, उंच झाड, बुटकं झाड, आणि मुलांनी जांभया द्यायच्या, असा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. एकदा मनात आलं, मुलांना जिवंत काहीतरी दाखवावं. म्हणून मी बटन क्वेल पाळायला घेतले.

बटन क्वेल म्हणजे लावा पक्ष्याच्या जातीतला सगळ्यांत छोटा, शोभेचा, पिंजऱ्यात वाढणारा पक्षी. मुठीत मावतो. अंडं बोराएवढं, पिल्लू भुंग्याएवढं. आणि रंग किती! मूळ रंगात मादी मातकट तपकिरी आणि नर निळसर छातीचा. पण शौकीन लोक निवडून निवडून जोड्या लावतात आणि त्यांतून रुपेरी, पांढरे, दालचिनी रंगाचे पक्षी काढतात. मी सुरुवातीला मूळ रंगाचीच एक जोडी आणली. पुढे रुपेरी नर आणायचा आणि मुलांना पिढ्यान्‌पिढ्यांचा रंग दाखवायचा, असा माझा बेत होता.

कोल्हापुरात असला बेत सांगताना एक अडचण येते. समोरचा माणूस सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "बरं सर, पण एका ताटाला किती लागत्यात?"

असो. पक्षी येऊन महिना झाला आणि घरात दुसरी गोड बातमी आली. शुभांगीला दिवस गेले. माझ्या आईला म्हशी सोडून येणं जमेना, म्हणून तिनं वडिलांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताराआत्याला, आमच्याकडे पाठवलं. आत्या एसटीतून उतरली ती एका हातात तांदळाचं पोतं आणि दुसऱ्या हातात केशराची डबी घेऊन. घरात पाऊल टाकलं, पाणीसुद्धा न पिता शुभांगीच्या हातातली कपबशी तिनं काढून घेतली.

"काय पितीयास ही?"

"चहा, आत्या. आल्याचा."

"अगं काळं पाणी त्ये! पोटातलं पोर काळं व्हायला पायजे काय तुला?"

शुभांगी कुरुंदवाडची. तिच्या माहेरी दारात आलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. ती भात सोडेल, भाकरी सोडेल, वेळ आली तर मलाही सोडेल, पण चहा सोडणार नाही. डॉक्टरांनीसुद्धा तिला दिवसाला दोन कप चालतील असं सांगितलं होतं. आत्याच्या मते डॉक्टरांना काय, पोर काळं झालं तरी त्यांचं काम झालंच.

चहा गेला आणि सकाळ-संध्याकाळ केशराचं दूध आलं. खोबरं आलं. कारळ्याची चटणी गेली. जांभळं गेली. पलंगासमोरच्या भिंतीवर कॅलेंडरातलं एक गोरंपान, गुबगुबीत बाळ चिकटवलं गेलं. शुभांगीनं उठता-बसता त्याच्याकडे बघायचं. (ते बाळ आमच्या घराण्यातल्या कुणासारखंही दिसत नव्हतं. रात्री दिवा मालवला तरी ते आपल्याकडे बघतंय असं मला वाटायचं.)

चौथ्या दिवशी शुभांगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही एवढं शिकलाय. आत्यांना समजावून सांगा की. माझं डोकं उठलंय चहावाचून."

मी आत्याला समोर बसवलं. म्हटलं, "आत्या, बाळाचा रंग आई-बापाकडनं येतो. खाण्यापिण्यानं बदलत नाही."

"बापाकडनं?" आत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू असा तव्यासारखा. ही सावळी. मग तर केशर दुप्पट लागणार की रं!"

वर्गात साठ मुलं गप्प बसवणारा मी, मलाच तिथं गप्प बसावं लागलं. आणि तेवढ्यात मागच्या व्हरांड्यात लाव्यानं आवाज दिला.

इथं माझ्यातला पदवीधर जागा झाला. म्हटलं, "आत्या, आपण प्रयोग करू. ही जोडी बघ, नर-मादी दोघंही मूळ रंगाचे. तू हवं तेवढं केशर त्यांना घाल. तरी पिल्लं आई-बापासारखी गडदच निघणार. गडद निघाली, तर शुभांगीचा चहा चालू."

"आन्‌ पांढरी निघाली तर?"

"निघणारच नाहीत!"

"निघाली तर?"

"तर मी केशराबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही."

"ह्या घरात चहाचं पातेलं चढणार न्हाय," आत्यानं अट वाढवली. मी कबूल केलं. शुभांगीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच विचारलं, "नक्की ना हो?"

"अगं, मी बी.एस्सी. आहे!" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा उच्चारलंय आणि त्याच्या पुढे कधीही चांगलं काही घडलेलं नाही.

आत्या कामाला लागली. पक्ष्यांना दूध पचत नाही एवढं मी तिच्या गळी उतरवलं, तेव्हा तिनं केशर पाण्यात कालवलं, उकडलेल्या अंड्याच्या भुग्यात कालवलं. पिंजऱ्यात पांढरं धोतर अंथरलं. भिंतीवरचं गोरं बाळ काढून पिंजऱ्यासमोर टांगलं. (शुभांगीला त्या रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली.) मादी बिचारी दिवसभर त्या बाळाकडे मान वाकडी करून बघायची. मी अंडी गोळा करून माझ्या थर्माकोलच्या बल्बवाल्या पेटीत उबवायला ठेवली, तर आत्यानं बाळ तिथून काढून पेटीसमोर लावलं.

"अगं, अंड्याला डोळे नसतात!"

"तुला अंड्याच्या आतलं दिसतंय व्हय? मग गप बस."

पिल्लं बाहेर यायचा दिवस रविवारी आला. पेटीभोवती आम्ही तिघं आणि शेजारच्या पाटीलकाकू. पहिलं अंडं तडकलं. पिल्लू बाहेर पडलं. गडद तपकिरी, पाठीवर पट्टे! मी टाळी वाजवली. दुसरं, गडद! शुभांगी उठली, स्वयंपाकघरात गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. तिसरं, गडद! आल्याचा वास घरभर पसरला. आत्याचं तोंड एवढंसं झालं. मला थोडी दयाच आली तिची. जिंकलेल्या माणसानं नम्र असावं म्हणून मी म्हणालो, "आत्या, असू दे. तू तुझ्या परीनं..."

शुभांगी कपबशी घेऊन आली. फुंकर मारली. कप ओठाला लावला.

आणि चौथं अंडं तडकलं.

"अगं बाई!" पाटीलकाकू किंचाळल्या. "हे तर पांढरं हाय!"

फिकट, रुपेरी, चांदीच्या वर्खासारखं ते पिल्लू ओलंचिंब होऊन पेटीत धडपडत होतं. आत्यानं पिल्लाकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ शुभांगीकडे गेली आणि ओठाला लागलेला कप काढून घेतला. मोरीत चहा ओतल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर शुभांगीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजरही!

दुपारपर्यंत दहा पिल्लं झाली. त्यांतली चार रुपेरी.

झालं काय होतं ते मला तत्काळ कळलं, आणि म्हणूनच जास्त लाज वाटली. रुपेरी रंग हा दबलेला रंग. आई आणि बाप दोघांच्याही अंगात तो लपून असू शकतो. वरून दोघं मूळ रंगाचेच दिसतात. अशा जोडीला पिल्लं झाली तर चारांतलं एखादं रुपेरी निघतं. हाच धडा मी दर वर्षी फळ्यावर शिकवतो! ज्याच्याकडून जोडी आणली त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "व्हय काय सर? पांढरी निघाली? मग लई भारी की! आम्हाला एक द्या परत."

मी आत्याला पुन्हा समोर बसवलं. "आत्या, नीट ऐक. या दोघांच्या पोटात रुपेरी रंग आधीपासून होता. फक्त दबून बसलेला."

"मग आधी का न्हाय सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं."

"म्हंजी आत दबल्यालं तुला कळत न्हाय."

"वरून कळत नाहीच कुणाला."

"आन्‌ केशरानं ते भायेर काढलं. बरं झालं तूच बोललास."

मी उठून पिंजऱ्यातलं पाणी बदलायला गेलो.

दोन दिवसांत गल्लीत बातमी फिरली. आधी पाटीलकाकूंची सून आली, मग मागच्या गल्लीतल्या दोघीजणी आल्या. "सर, जरा पक्षी बघू?" म्हणायच्या, पिंजऱ्यासमोर बसायच्या आणि रुपेरी पिल्लांकडे एकटक बघत राहायच्या. व्हरांड्यात सतरंजी अंथरावी लागली. आत्या सगळ्यांना केशराचं प्रमाण सांगायची. चंदगडहून एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. मी दार उघडलं, तर म्हणाले, "पावणं, पांढरी लाव्हरी काढणारं मास्तर तुम्हीच न्हवं?" मी त्यांना आत बसवून दबलेल्या रंगाबद्दल सगळं सांगितलं, फळ्यावर काढतो तशी आकृतीसुद्धा काढून दाखवली. त्यांनी अतिशय आदरानं ऐकलं. मग लेकीला म्हणाले, "ऐकलंस न्हवं? सर एवढं शिकल्यात, ते काय खोटं सांगतील? केशर घ्यायचं गुमान."

माझ्या पदवीवर इतका विश्वास आयुष्यात कुणी ठेवला नव्हता. अगदी माझ्या वडिलांनीही नाही. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "आपल्या म्हशीला केशर चालंल काय रं?"

एखाद्या शहाण्या माणसानं इथंच थांबायचं असतं. पण मी प्रामाणिक माणूस. मी म्हणालो, एका प्रयोगावर निष्कर्ष काढता येत नाही. तीच जोडी घेऊ, या खेपेला केशर अजिबात नको, बाळाचा फोटो नको, धोतर नको. तरीही रुपेरी पिल्लू निघालं, की केशराचा संबंध नाही हे सिद्ध होईल आणि चहा सुटेल. आत्या म्हणाली, "कर की! मला काय?" तिच्या आवाजात जी निश्चिंती होती, तिच्यामुळेच मी सावध व्हायला हवं होतं.

शुभांगी मात्र म्हणाली, "अहो, नका करू."

"का? शास्त्रावर तुझा विश्वास नाही?"

"शास्त्रावर आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

या खेपेला सहा अंडी उबली. गल्लीतल्या निम्म्या बायका हजर होत्या. पहिलं पिल्लू गडद. दुसरं गडद. तिसरं, चौथं, पाचवं... मी मनातल्या मनात गणित मांडत होतो. चारांतलं एक म्हणजे काही दर चौथं नव्हे; सहाच्या सहा गडद निघणं अगदीच शक्य असतं, नाण्याचा सलग तीनदा छाप पडतो तसं. हे मला माहीत होतं. सहाव्या अंड्याला माहीत होतं. तिसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

सहावंही गडद निघालं.

"बघा बायांनो," आत्या म्हणाली, "केशर बंद, पांढरं बंद!"

मी "योगायोग" हा शब्द उच्चारला. तो कुणाच्या कानापर्यंत पोचला नाही. सगळ्या बायका आपापल्या घरी केशर आहे का ते बघायला गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी शुभांगी पायरीवर बसून रडली. मी म्हटलं, "अगं, दोन महिने चहाशिवाय काढलेस, आता थोडेच राहिलेत."

"कुणी काढले?" ती डोळे पुसत म्हणाली. "रोज दुपारी कढीपत्ता आणायला म्हणून पाटीलकाकूंकडे जात होते ते काय होतं? दोन कप प्यायचे मी तिथं. आल्याचा!"

"मग रडतेस कशाला?"

"आज काकू म्हणाल्या, शुभा, आता मी नाही देणार बाई. पहिल्यांदा मला खरं वाटत नव्हतं, पण सरांनी दोन्ही बाजूंनी तपासून दाखवलं. आता तुझ्या पोराचं पाप मी कशाला घेऊ!"

(आमच्या घरात एवढा कढीपत्ता येतो तो जातो कुठं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी तेव्हा पक्ष्यांचं निरीक्षण करत होतो.)

"मी करू का चहा? आत्या झोपल्यावर?" मी विचारलं.

"तुम्ही आता काहीही करू नका," शुभांगी म्हणाली. "हात जोडते."

तिची शेवटची आशा म्हणजे माहेर. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की बाळंतपणाला कुरुंदवाडला जायचं, तिथं तिच्या आईच्या हातचा चहा! दिवस ढकलत ती तेवढ्यावर तग धरून होती. डोहाळजेवण गल्लीतल्या बायकांनी फार हौसेनं केलं. शुभांगीला फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर बसवलं आणि शेजारी स्टुलावर पिंजरा ठेवला, त्यालाही झेंडूच्या माळा! आत चार रुपेरी पक्षी, आता चांगले मोठे झालेले, माळेतल्या पाकळ्या टोचून खात होते. सगळ्यांनी फोटो काढले. गाणी झाली. त्यातलं एक नवीन कडवं पक्ष्यांवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला कुरुंदवाडला पोचवलं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. शुभांगी आत जाऊन पाटावर बसली आणि चेहरा फुलवून म्हणाली, "आई, चहा टाक!"

सासूबाई पेला घेऊन आल्या. वरून केशराच्या काड्या तरंगत होत्या.

"आई?"

"अगं, मोबाईलवर त्या पक्ष्यांचा फोटो आला आम्हाला कालच, सगळ्या हकिकतीसकट. गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय." सासूबाई पदर सावरत माझ्याकडे वळल्या. "मी तर असलं काही मानत नव्हते कधी. हिच्या वेळेला मी स्वतः नऊ महिने चहा प्यायले. पण आता जावईबापूंनी प्रयोग करून सिद्ध केलंय म्हटल्यावर आपण अडाणी माणसं काय बोलणार?"

मी पेला उचलून शुभांगीच्या हातात दिला. मी संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. मला कुणी राहा म्हणालं नाही.

मुलगी झाली. फोन आल्या आल्या मी आणि आत्या कुरुंदवाडला गेलो. पाळण्यात बघितलं तर हुबेहूब आमचा रंग! माझा, वडिलांचा, आत्याचा. टपोरे डोळे, काळंभोर जावळ आणि तव्यावरून नुकतीच उतरवल्यासारखी तुकतुकीत कांती. इतकी देखणी मुलगी मी बघितली नव्हती. माझा ऊर भरून आला. निम्मा बाप म्हणून आणि निम्मा, खरं सांगतो, शास्त्राचा विद्यार्थी म्हणून. इतके महिने रोज केशर, आणि हा पुरावा!

आत्यानं तिला उचललं, छातीशी धरलं, मटामटा मुके घेतले. "ग्वाड हाय की गं माझी बाय!"

"आत्या," मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं, "केशराचं काय झालं मग?"

"काय व्हायचंय? आत दबून बसलंय." आत्यानं पोरीच्या गालाला हात लावला. "वरनं दिसत नसलं तरी आत असतंय, हिच्या पोराबाळांत निघंल. एवढंबी कळंना व्हय रं तुला, मास्तर असून?"

इतक्या वर्षांत या धड्यावर इतकं नेमकं उत्तर मला एकाही विद्यार्थ्यानं दिलेलं नाही.

मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात शुभांगी अंथरुणातून उठली. हळूहळू चालत स्वयंपाकघरात गेली. पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

"शुभा, चहा नको गं!" सासूबाई धावल्या. "बाळंतिणीच्या दुधातनं रंग उतरतो बाळाच्या अंगावर!"

"उतरू दे," शुभांगी आलं ठेचत म्हणाली. "अंगावर जेवढा यायचा तेवढा आलाय. आता काय झबल्यावर उतरणार आहे?"

चहाला उकळी आली. तिनं तो गाळला, एक कप आईपुढे ठेवला, एक स्वतः घेतला, भिंतीला टेकून बसली आणि पहिला घोट घेतला. एवढंच होतं. ना पेटी, ना अंडी, ना निरीक्षण. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"आत्या, तुम्हाला?"

आत्यानं पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "टाक की. माझ्यात साखर जरा जास्त घाल."

"आणि अहो, तुम्हाला हवाय का?"

मी आधी आत्याकडे बघितलं.